थॉमस मिजली, ज्युनियर

थॉमस मिजली, ज्युनियर (१८ मे, १८८९ – २ नोव्हेंबर, १९४४) हे अमेरिकन यांत्रिक अभियंते व रसायनशास्त्रज्ञ होते. पेट्रोल इंजिनातील नॉकिंग, म्हणजे सिलिंडरातील इंधन-हवेचा काही भाग आपोआप भडकल्याने उठणारे ठोके, थांबवण्यासाठी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग वापरण्याची पद्धत त्यांनी १९२१ मध्ये शोधली. घरगुती शीतकपाटांत वापरल्या गेलेल्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातील शीतकांचा शोधही त्यांच्याच नेतृत्वाखाली लागला. हयातीत या दोन शोधांसाठी त्यांना अमेरिकेतील रसायनशास्त्राचे बहुतेक मोठे सन्मान मिळाले. मृत्यूनंतर अर्धशतकाच्या आत दोन्ही पदार्थांवर जगभर बंदीची प्रक्रिया सुरू झाली. नॉकिंग मोजण्यासाठी त्यांनी सहकारी टी. ए. बॉइड यांच्यासह तयार केलेले मापक त्या मानाने अप्रसिद्ध राहिले. आजच्या मोटारींतील नॉक संवेदकाच्या कार्यपद्धतीशी त्याचे जवळचे नाते आहे.

सुरुवातीचे जीवन

मिजली यांचा जन्म अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स येथे झाला. त्यांचे वडील थॉमस मिजली, सीनियर हे मोटारींच्या टायरांत सुधारणा करणारे संशोधक होते. आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी बदलता येणाऱ्या दातांची करवत तयार केली होती. अशा घरात यंत्रांची ओढ लागणे स्वाभाविक होते. मिजली लहान असतानाच कुटुंब ओहायो राज्यातील कोलंबस येथे स्थायिक झाले. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा होता.

रसायनशास्त्राचे औपचारिक उच्च शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. जे रसायनशास्त्र त्यांना येत होते ते त्यांनी पुढे कामाच्या ओघात शिकून घेतले. डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी काही काळ आरेखक म्हणून नोकरी केली. त्यानंतर वडिलांच्या टायर कंपनीत काम केले, पण तो व्यवसाय टिकला नाही. १९१६ मध्ये ते डेटन येथील डेल्को या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली रुजू झाले. पुढे ही संस्था जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि मिजली यांचे उरलेले व्यावसायिक आयुष्य या ना त्या रूपाने त्याच कंपनीशी जोडलेले राहिले.

नॉकिंगचा प्रश्न

केटरिंग यांनी मोटारीसाठी विद्युत स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्था तयार केली होती. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये ती आल्यानंतर इंजिनातून खटखट आवाज येतो, अशा तक्रारी वाढल्या. बॅटरीच्या ठिणगीमुळेच हे घडते, असा आरोप प्रतिस्पर्ध्यांनी केला. डेल्कोची शेतघरांसाठीची वीजनिर्मिती यंत्रे रॉकेलवर चालत आणि त्यांत तर हा आवाज अधिकच तीव्र असे. केटरिंग यांनी हा प्रश्न मिजली यांच्याकडे सोपवला.

जुन्या मोटारीने वरच्या गिअरात घाट चढताना इंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा जो आवाज येत असे, तो हाच. महाराष्ट्रातील गॅरेजांतही त्याला नॉकिंग असेच म्हणतात. एकाच इंजिनात पेट्रोल व रॉकेल आळीपाळीने वापरून मिजली यांनी ठिणगी तीच असताना रॉकेल अधिक ठोके देते, हे दाखवले. ठिणगीवरचा आरोप त्यामुळे ढासळला आणि दोष इंधनाकडे गेला.

त्या काळी बहुतेक अभियंते नॉकिंग आणि पूर्वज्वलन यांना एकच समजत. पूर्वज्वलनात सिलिंडरातील एखादा तापलेला भाग ठिणगीच्या आधीच इंधन पेटवतो. मिजली यांनी सिलिंडरातील दाबाची नोंद करणारे प्रकाशीय उपकरण वापरले. दाबाबरोबर हलणाऱ्या छोट्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा झोत दाबाचा आलेख काढत असे. नॉकिंगच्या वेळी दाबाची एकाएकी उसळी ठिणगीनंतर, ज्वलन बरेच पुढे गेल्यावर येते, हे त्या आलेखांवरून दिसले. म्हणजे हा आजार वेगळा होता.

आज या घटनेचे स्पष्टीकरण असे दिले जाते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरात क्रमाक्रमाने पसरत जाते. तिच्यापुढे उरलेला न जळलेला वायू दाबला जातो व तापत जातो. ज्योत पोहोचण्याआधीच त्याचे तापमान फार वाढले तर तो एकाच क्षणी आपोआप पेटतो. या अचानक भडक्यातून निघणाऱ्या दाबलहरी सिलिंडरच्या भिंतींवर आपटत मागेपुढे फिरतात आणि घंटेसारखा नाद निर्माण करतात. ठोके सतत बसत राहिले तर दट्ट्याचा माथा वितळतो, कड्या तुटतात. इंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढवले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते, पण नॉकिंगही वाढते. त्यामुळे त्या काळची इंजिने कमी संपीडनावर, पर्यायाने कमी कार्यक्षमतेवर चालवावी लागत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारातील पेट्रोलचा दर्जा घसरत होता आणि अमेरिकेतील तेलसाठे लवकरच संपतील अशी भीतीही होती. एका आवाजाच्या मागे मोठी प्रयोगशाळा लागली, त्यामागे हे कारण होते.

आयोडीनपासून शिशापर्यंत

शोधाची सुरुवात एका चुकीच्या कल्पनेतून झाली. बर्फाखाली फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने तांबूस असतात, त्यामुळे ती उष्णता शोषून घेत असावीत, असे केटरिंग व मिजली यांना वाटले. इंधनालाही लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषून नीट बाष्पीभूत होईल, असा तर्क त्यांनी लढवला. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकून पाहण्यात आले. ठोके थांबले. नंतर खरे लाल रंग आणून पाहिले तेव्हा त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. उलट रंगहीन असलेल्या एथिल आयोडाइडने ठोके थांबवले. तर्क कोसळला, पण एखाद्या पदार्थाची अल्प मात्रा इंधनाचे वर्तन बदलू शकते, हे १९१६ च्या अखेरीस हाती लागले. आयोडीन महाग होते आणि इंजिनाला गंजवत असे.

युद्धकाळात मिजली विमानांच्या इंधनावर काम करीत होते. १९१९ च्या सुरुवातीस ॲनिलीन हे आयोडीनपेक्षा बरेच प्रभावी असल्याचे आढळले. पुढे सिलिनियम व टेल्युरियम यांची संयुगे आणखी प्रभावी ठरली. टेल्युरियमची दुर्गंधी मात्र असह्य होती. लसणासारखा तो वास संशोधकांच्या अंगाला व कपड्यांना असा चिकटे की घरच्यांनाही त्यांच्याजवळ बसवत नसे.

तोपर्यंत हाताला येईल ते टाकून पाहण्याची पद्धत होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रॉबर्ट विल्सन यांनी मूलद्रव्यांची एक विशिष्ट मांडणी सुचवली आणि मिजली यांनी प्रत्येक मूलद्रव्याचा नॉकिंगविरोधी परिणाम त्या मांडणीवर टिपला. एकाच गटात खाली जावे तसा परिणाम वाढतो, असे दिसू लागले. कथिलाच्या संयुगाने ठोके काही प्रमाणात कमी केले, तेव्हा त्याच गटातील शिसे अधिक प्रभावी असणार हे उघड होते. मिजली, बॉइड व कॅरोल हॉकवॉल्ट यांनी ९ डिसेंबर, १९२१ रोजी टेट्राएथिल लेड एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनात वापरून पाहिले. पेट्रोलच्या हजार भागांत या द्रवाचा एक भागही पुरेसा ठरला. हे संयुग नवे नव्हते. कार्ल लोविग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८५० च्या दशकातच तयार केले होते आणि शिशाच्या विषारीपणाविषयी वैद्यकाला तर त्याच्या कितीतरी आधीपासून माहिती होती.

याच काळात आणखी एक पर्याय मिजली यांच्या हातात होता. अल्कोहोल मिसळलेले पेट्रोल ठोके देत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांनी सुमारे ३० टक्के अल्कोहोल असलेल्या इंधनावर उच्च संपीडनाच्या इंजिनाची मोटार डेटनहून इंडियानापोलिस येथील अभियंत्यांच्या सभेला चालवत नेली होती. पण अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि त्या काळी तेवढे अल्कोहोल पुरवणे अवघड मानले जात होते. शिशाची मात्रा नगण्य होती. शिवाय अल्कोहोल कोणीही बनवू शकत असे, तर शिशाच्या वापराचे एकस्व मिळवता येत होते. या दुसऱ्या कारणाला किती वजन द्यायचे, यावर इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत.

शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री १ फेब्रुवारी, १९२३ रोजी डेटन येथील एका पंपावर झाली. त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिले तीन क्रमांक हे इंधन वापरणाऱ्या गाड्यांनी पटकावले. शिशाची राख झडपांवर व ठिणगीच्या प्लगवर साचत असे. ती वायुरूपात बाहेर जावी म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमिनचे संयुग टाकण्यात येऊ लागले. इंजिन त्यामुळे स्वच्छ राहिले आणि शिसे धुराड्यातून थेट रस्त्यावरच्या हवेत गेले. ऑगस्ट १९२४ मध्ये जनरल मोटर्स व स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन स्थापन केले. केटरिंग त्याचे अध्यक्ष व मिजली उपाध्यक्ष झाले. उत्पादनाच्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

ठोका मोजण्याचे यंत्र

इतके पदार्थ तपासायचे तर त्यांची तुलना कशी करायची, हा प्रश्न शोधाइतकाच कठीण होता. सुरुवातीला संशोधक कानावर विसंबून राहत. पण दोन माणसांचे कान सारखे नसतात आणि एकाच माणसाचा कान दिवसभराच्या गोंगाटानंतर सकाळसारखा राहत नाही. मिजली व बॉइड यांनी १९२२ मध्ये उसळत्या दांडीच्या मापकाची माहिती प्रसिद्ध केली.

हे मापक सिलिंडरच्या माथ्यात बसवले जाई. त्याच्या खालच्या टोकाला पोलादाचा पातळ पडदा असे आणि त्या पडद्यावर एक बारीक पोलादी दांडी उभी टेकलेली असे. सुरळीत ज्वलनात दाब हळूहळू वाढतो, त्यामुळे पडदा वाकला तरी दांडी त्याच्यावर टेकलेलीच राहते. ठोका बसला की पडद्याला झटका बसतो, दांडी वर उडते आणि वरच्या दोन विद्युत स्पर्शिका एकमेकींना टेकवते. तेवढ्या क्षणापुरता प्रवाह विरल गंधकाम्लाच्या घटातून वाहतो व त्याचे विघटन होऊन वायूचे बुडबुडे सुटतात. ठराविक वेळात खुणा केलेल्या नळीत किती वायू जमला, यावरून इंधनाचे ठोके किती हे ठरवता येई.

या साध्या रचनेत दोन गोष्टी साधल्या होत्या. दांडी फक्त ठराविक तीव्रतेपुढचा झटका मोजत असे, त्याखालची सामान्य कंपने आपोआप गाळली जात. आणि घट त्या झटक्यांची बेरीज करीत असे, त्यामुळे एखाद्या फेरीतील चढउतारावरून निष्कर्ष काढावा लागत नसे.

पुढे एथिल कंपनीतील ग्रॅहम एडगर यांनी १९२६-२७ च्या सुमारास आयसो-ऑक्टेनला १०० व नॉर्मल हेप्टेनला ० मानून ऑक्टेन मोजपट्टी सुचवली. ती मोजण्यासाठी बदलत्या संपीडन गुणोत्तराचे प्रमाणित चाचणी इंजिन तयार झाले आणि त्यावर उसळत्या दांडीचेच मापक बसवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा विद्युतीय मापकाने घेतली. पेट्रोल पंपावर आज दिसणारा ऑक्टेनचा आकडा या परंपरेतून आलेला आहे.

विषबाधा आणि वाद

टेट्राएथिल लेड त्वचेतून व श्वासातून शरीरात शिरते आणि थेट मज्जासंस्थेवर परिणाम करते. १९२३ च्या सुरुवातीला स्वतः मिजली यांना शिशाची बाधा झाली. काम थांबवून ते विश्रांतीसाठी फ्लॉरिडाला गेले. अमेरिकन केमिकल सोसायटीने नॉकिंगविरोधी संयुगांसाठी त्यांना निकोल्स पदक जाहीर केले, तेही याच सुमारास.

१९२४ मध्ये डेटन येथील उत्पादनकेंद्रात कामगार दगावले. ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागले, काही जण हिंसक झाले व त्यांना आवरून रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील पाच जणांचा मृत्यू झाला आणि कित्येक जण आजारी पडले. ड्यू पाँ कंपनीच्या डीपवॉटर येथील कारखान्यातही मृत्यू झाले. तेथील कामगार नसलेले कीटक हवेत हाताने झटकत, म्हणून त्या इमारतीला फुलपाखरांचे घर असे नाव पडले होते.

३० ऑक्टोबर, १९२४ रोजी न्यू यॉर्कमध्ये पत्रकारांसमोर मिजली यांनी हे द्रव स्वतःच्या हातांवर ओतून घेतले आणि त्याच्या बाटलीचा वास सुमारे एक मिनिट घेतला. रोज असे केले तरी अपाय होणार नाही, असा त्यांचा दावा होता. आदल्याच वर्षी ते या पदार्थाने आजारी पडले होते, ही गोष्ट या प्रात्यक्षिकाकडे पाहताना दृष्टिआड करता येत नाही. न्यू यॉर्क शहरासह काही ठिकाणी या पेट्रोलच्या विक्रीस मनाई झाली.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वॉशिंग्टन येथे परिषद बोलावली. येल विद्यापीठातील यँडेल हेंडरसन आणि औद्योगिक रोगांच्या तज्ज्ञ ॲलिस हॅमिल्टन यांनी धोका कारखान्यापुरता मर्यादित नसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसापर्यंत पोहोचेल, असे सांगितले. कंपनीने विक्री तात्पुरती थांबवली. नेमलेल्या समितीने अल्प मुदतीच्या तपासणीनंतर १९२६ च्या सुरुवातीला बंदीस पुरेसा आधार नसल्याचा निष्कर्ष दिला, मात्र दीर्घकालीन अभ्यासाची गरजही नोंदवली. विक्री पुन्हा सुरू झाली. तो दीर्घकालीन अभ्यास पुढची चार दशके मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर, रॉबर्ट केहो यांच्या देखरेखीखाली होत राहिला. मिजली यांना १९२५ मध्येच एथिल कंपनीच्या उपाध्यक्षपदावरून दूर करण्यात आले होते, पण संशोधक म्हणून त्यांचे स्थान कायम राहिले.

शीतकांचे संशोधन

१९२० च्या दशकातील शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरत. हे वायू विषारी किंवा ज्वालाग्राही होते आणि गळतीमुळे मृत्यूही झाले होते. जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागासाठी सुरक्षित वायू शोधण्याचे काम १९२८ मध्ये मिजली यांच्याकडे आले. आवर्त सारणीचा आधार घेऊन ते व ॲल्बर्ट हेन फ्लुओरिनच्या संयुगांकडे वळले आणि डायक्लोरोडायफ्लुओरोमीथेन निवडले. एप्रिल १९३० मध्ये ॲटलांटा येथील सभेत मिजली यांनी हा वायू श्वासात घेऊन फुंकरीने मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही व पेटत नाही, ही दोन्ही विधाने या वेळी खरी होती. फ्रिऑन या व्यापारी नावाने तो जगभर पसरला. वातावरणाच्या वरच्या थरात त्याचे काय होते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नव्हता. त्यामुळे शिसे व फ्रिऑन या दोन प्रकरणांत मिजली यांची जबाबदारी सारखी मानणे योग्य होणार नाही.

आजारपण व मृत्यू

मिजली यांना १९३७ मध्ये पर्किन पदक व १९४१ मध्ये प्रिस्टले पदक मिळाले. शंभराहून अधिक एकस्वे त्यांच्या नावावर होती. १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि पाय निकामी झाले. अंथरुणातून स्वतःला उचलता यावे म्हणून त्यांनी दोर व कप्प्यांची यंत्रणा तयार केली. आजारपणातही त्यांचे काम सुरू होते. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. २ नोव्हेंबर, १९४४ रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथील घरी त्याच यंत्रणेच्या दोरांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. हा अपघात असल्याचे त्या वेळी सर्वत्र मानले गेले, अधिकृत नोंदीत मात्र आत्महत्या असे कारण नमूद झाले.

मृत्यूनंतर

१९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी मानवी शरीरातील व पर्यावरणातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी वाढल्याचे मांडले. पृथ्वीचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून ठरवताना त्यांना सर्व नमुन्यांत बाहेरचे शिसे मिसळलेले आढळले होते आणि तेथून हा शोध सुरू झाला. १९७० च्या दशकात हर्बर्ट नीडलमन यांच्या अभ्यासाने शिशाचा संबंध लहान मुलांच्या बुद्धीवरील परिणामांशी जोडला. त्याच दशकात धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक परिवर्तक मोटारींत आले. शिशामुळे ते निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य झाले. मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये क्लोरोफ्लुओरोकार्बनमुळे ओझोन थराला असलेला धोका दाखवला आणि १९८७ मध्ये माँट्रिऑल करार झाला.

भारतात १ एप्रिल, १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ फेब्रुवारी, २००० पासून ते सर्व देशभर, म्हणजे लातूर-नांदेडसारख्या महानगरांपासून दूरच्या भागांतही, लागू झाले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली. दट्ट्याच्या इंजिनावर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या इंधनात मात्र टेट्राएथिल लेड त्यानंतरही वापरात राहिले.

नॉक संवेदक

शिसे गेल्यावर नॉकिंगचा प्रश्न परत उभा राहिला. एक उपाय शुद्धीकरण कारखान्यात होता, दुसरा इंजिनातच. ठिणगी थोडी उशिरा दिली की ठोका टळतो, पण शक्ती घटते व इंधन अधिक लागते. ठिणगीची वेळ कायमची ठरवलेली असताना निर्मात्याला सर्वांत वाईट पेट्रोल व सर्वांत उष्ण दिवस गृहीत धरून बरेच अंतर राखावे लागे. ठोका बसतो आहे की नाही हे इंजिनाला स्वतःला कळले, तर हे अंतर राखण्याची गरज उरत नाही. १९७८ च्या सुमारास जनरल मोटर्सच्याच ब्यूइक विभागाने टर्बोचार्जर असलेल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात अशी व्यवस्था आणली.

नॉक संवेदक हा सहसा दाबविद्युत पदार्थाचा एक कडा असतो. तो वजनासह इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर बोल्टने आवळलेला असतो. कंपनांमुळे कड्यावर कमीजास्त दाब पडतो आणि त्या प्रमाणात विद्युत दाब निर्माण होतो. बोल्ट नेमक्या जोराने, साधारणतः सुमारे २० न्यूटन-मीटरने, आवळावा लागतो. तो सैल राहिला तर संवेदक नीट ऐकत नाही.

ठोक्याचा नाद किती कंपनांचा असेल, हे सिलिंडरच्या व्यासावर व तापलेल्या वायूतील ध्वनीच्या वेगावर अवलंबून असते. १९३० च्या दशकात चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी हा संबंध दाखवला होता. नेहमीच्या मोटारींच्या सिलिंडरांसाठी ती वारंवारता सेकंदाला सुमारे ६,००० ते ७,००० कंपने इतकी येते. अडचण अशी की झडपा बंद होण्याचा, दट्ट्या भिंतीवर आपटण्याचा आवाजही संवेदकापर्यंत पोहोचतो व त्यातील काही भाग याच पट्ट्यात असतो. म्हणून इंजिनाचा संगणक सतत ऐकत नाही. भुजादंड कोणत्या कोनात आहे हे त्याला दुसऱ्या संवेदकाकडून कळते. त्यावरून, एखाद्या सिलिंडरातला दट्ट्या माथ्यावरून खाली येऊ लागल्यानंतरच्या ज्या टप्प्यात ठोका संभवतो, तेवढ्यापुरताच तो संकेत घेतो. चार सिलिंडरांचे इंजिन असले तरी एक-दोन संवेदक त्यामुळेच पुरतात. कोणत्या क्षणी संकेत आला यावरून ठोका कोणाचा हे ठरते.

घेतलेल्या संकेतातून अपेक्षित वारंवारतेचा पट्टा गाळून काढला जातो, त्यातील ऊर्जेची बेरीज केली जाते आणि ती त्याच सिलिंडरच्या आधीच्या ठोकाविरहित फेऱ्यांच्या सरासरीशी ताडून पाहिली जाते. इंजिन जुने झाले किंवा वेगाने फिरू लागले की गोंगाट वाढतो, तशी ही सरासरीही वाढते. म्हणून एकच ठराविक मर्यादा सर्वकाळ लागू करता येत नाही. बेरीज सरासरीच्या ठरलेल्या पटीपुढे गेली की ठोका मानला जातो आणि त्या सिलिंडरची ठिणगी काही अंशांनी उशिरा दिली जाते. नंतर ती अगदी थोडीथोडी करत पूर्ववत आणली जाते. मर्यादेखालचे गाळणे व वरच्याची बेरीज करणे ही कामे मिजली व बॉइड यांच्या मापकात दांडी व आम्लाचा घट करीत होते. मधली सुमारे पन्नास वर्षे ही पद्धत प्रयोगशाळेतच राहिली, कारण रस्त्यावरच्या मोटारीत ठोका ऐकण्याची गरज शिशाने उरू दिली नव्हती.

अल्कोहोलचा पर्यायही परतला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे भारतातील पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले आणि पुढे ते २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. त्यासाठीचे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून व धान्यापासून मिळते. मराठवाड्यासह महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्या त्याच्या प्रमुख पुरवठादारांपैकी आहेत. इथेनॉलमुळे इंधनाचा ऑक्टेन अंक वाढतो, पण त्याच आकारमानातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते. मिश्रणाचे प्रमाण बदलले तरी त्याच इंजिनात ठिणगीची वेळ जुळवून घेण्याच्या कामी नॉक संवेदकाचा उपयोग होतो.